भरिताचा डबा

माय, हे पत्र मला आपणहून सुचलेलं नाही, ते आधीच सांगून टाकतो. गेल्या रविवारी इथे धुळ्यात, देवपूरच्या एका मंगल कार्यालयात आम्हा निवृत्त लोकांसाठी शिबिर होतं. विषय, समाधानी आयुष्य कसं जगावं. प्रवेश फुकट, वर चहा-पोहे. फुकट म्हटल्यावर मला तिथेच संशय आला, पण कचेरीतल्या एका जुन्या सोबत्याने रिक्षा थेट दाराशी आणून उभी केली, म्हणून गेलो आणि मुद्दाम दाराजवळची खुर्ची धरली. गालाशी माइक चिकटवलेला एक तरुण माणूस हसत हसत सांगत होता, सकाळी उठल्या उठल्या कुणाचे तरी आभार माना, रोज एका अनोळखी माणसाशी बोला, देताना हात आखडू नका. हा ताकाला जाऊन भांडं लपवतोय असं मला तासभर वाटत राहिलं, आणि शेवटी भांडं निघालंच. पुढचं मोठं शिबिर नाशिकजवळ, राहून-जेवून, त्याची फी वेगळी, नावं बाहेरच्या टेबलावर द्यायची. जाता जाता त्याने घरचा अभ्यासही दिला. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं अशा गेलेल्या माणसाला पत्र लिहा, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचू. आजूबाजूचे डोळे पुसत होते. मी सोबत्याला म्हटलं, हा एवढी पत्रं गोळा करून त्यांचं करणार काय?

तरी लिहायला बसलोय, कारण समोर ओट्यावर एक डबा आहे आणि त्याच्याबद्दल तुझ्याखेरीज कुणाला विचारता येणार नाही.

तुझी सून गेल्यापासून मी या घरात एकटाच आहे. मुलगा पुण्याला. तो या महिनाअखेरीस गाडी घेऊन मला न्यायला येणार आहे, घर भाड्याने द्यायचं असं त्याने ठरवलंय. वाईट नाही तो, माझ्या काळजीनेच म्हणतो. फोनवर दर वेळी एकच विचारतो, "पप्पा, धुळ्यात आता तुमचं आहे कोण?" मी नावं आठवून बघतो. सगळा जन्म या गावात काढला आणि एक नाव तोंडावर येत नाही. मला जायचं नाही, माय. पण न जाण्याला कारण लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

तर डबा. वरच्या मजल्यावर भाडेकरू आलेत. नवरा एसटीत, बायको भुसावळकडची. थंडी पडल्यावर एका दुपारी ती दार वाजवते, हातात स्टीलचा डबा, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी. झाकण नीट लागलेलं नव्हतं, त्यामुळे कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूर आधी आत आला आणि बाई नंतर. मी काय म्हणालो असेन? "कशाबद्दल?" कचेरीत उभा जन्म हाच शब्द वापरला. टेबलावर कुणी पेढ्यांचा पुडा ठेवला की आधी विचारायचं, कशाबद्दल? बहुतेक वेळा त्या पुड्यामागे एखादी फाइल असायचीच, त्यामुळे मला खोटं पाडणारं कुणी भेटलं नाही. ही बाई मात्र गोंधळली. "कशाबद्दल म्हणजे? माहेरून वांगी आली काका, भरीत केलं." डबा माझ्या हातात देऊन ती वर गेली. भरीत अस्सल होतं, हिरव्या मिरचीचं, ठेचून केलेलं, मिक्सरमधलं नाही. मी ते उभ्यानेच संपवलं आणि मग विचार करत बसलो. आवळा देऊन कोहळा काढायचा असणार. गच्ची हवी असेल, स्कूटरसाठी जिन्याखालची जागा हवी असेल, नाहीतर नवऱ्याचं माझ्या जुन्या कचेरीत काही अडलं असेल.

डबा घासून पालथा घातला आणि झाकणावर नजर गेली. कडेला नाव कोरलेलं, तिच्या सासूचं असेल. आणि मला आपल्या जुन्या घरातला, भांडी लावायचा फळकुटाचा मांड आठवला. गल्लीतल्या निम्म्या बायांची नावं त्या मांडावर होती. कुणाची वाटी, कुणाचा गंज, कुणाचं झाकण, आणि आपली भांडी सगळ्या गल्लीत पांगलेली. मी दहावीत असेन. नाही म्हटलं तरी मला तुझा संशय यायचा, की माझी माय लोकांची भांडी दाबून ठेवते. एका दुपारी तू शेतात होतीस. मी सगळी परकी भांडी राखेने लख्ख घासली, पोत्यात भरली आणि घरोघर पोचवून आलो. मोठं काम केलं अशा तोऱ्यात दारातल्या ओट्यावर बसलो होतो. ऊन उतरायच्या आत बाया एकेक करून दारात. "काय चुकनं वं बाई आमनं?" एक विचारते. दुसरी रडकुंडीला येऊन, "गाव सोडी चालनात का?" अख्ख्या गल्लीने एकच अर्थ लावला होता, हे लोक एक तर भांडले, नाहीतर निघाले. आपल्याकडे कुणी सगळी भांडी एकदम परत करतं ती या दोनच वेळी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू आलीस, मांड बघितलास. "बठ्ठा भांडा दी उना तू?" सगळी देऊन आलास का, एवढंच विचारलंस. मारलं नाहीस. डोक्यावरचा पदर नीट करून निघालीस, आणि घरात मडकंभर दही असताना एकीकडे विरजण मागितलंस, दुसरीकडे चिमूटभर हिंग, तिसरीकडे ताक. दर घरातून एकेक भांडं घेऊन परत आलीस. मी म्हटलं, लोकांचं लोकांना देऊन टाकलं तर बिघडलं काय, सगळं फिटलं की. तेव्हा तू चुलीकडे तोंड करून म्हणालीस, "फिटी गयं ते मंग कोन कोना?"

फिटलं की मग कोण कुणाचं, हे त्या वेळी मला अडाणीपणाचं वाटलं. खरं सांगतो, अर्धंमुर्धं आजही वाटतं. मी आयुष्यभर उलटं केलं. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. सरकारी क्वार्टरमध्ये शेजारून वाटी आली की तुझ्या सुनेला सांगायचो, साखर घाल आणि आजच्या आज परत कर. ती म्हणायची, अहो, दोन दिवस राहू द्या की. नाही म्हणजे नाही. या वागण्यामुळे माझ्यावर कधी बालंट आलं नाही, हे खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ती गेली तेव्हा शेजारपाजारच्यांनी जेवणाचे डबे आणले. तेरावं झाल्यावर मी ते सगळे डबे घासले, दारोदार जाऊन ज्याचे त्याला देऊन आलो. मग कुणी आलं नाही. त्यांना यायला काही कारणच मी ठेवलं नव्हतं, माय. मी मात्र इतके दिवस लोकांनाच नावं ठेवत बसलो, की बघा, दिवस झाले आणि सगळे पांगले. हे कळायला मला एवढा उशीर लागला याचं फार वाईट वाटतं.

परवा वरची बाई पुन्हा खाली आली. मी मनात म्हटलं, निघाला कोहळा. तिने शिडी मागितली, माळा झाडायचा होता म्हणे. दिली. डब्याचं तिने अवाक्षर काढलं नाही, मीही काढलं नाही, दोघांनाही तो ओट्यावर दिसत होता. एरवी माझी वस्तू संध्याकाळपर्यंत परत आली नाही की मी जिना चढून आणतो. शिडी अजून वरच आहे. माळा झाडायला दोन दोन दिवस लागतात का, हा संशय मला आहेच, तो काही जाणार नाही. पण मी जिना चढलेलो नाही. उलट काल बाजारातून मेथी आणली तेव्हा हात आपोआप दोन जुड्यांकडे गेला, आणि डब्यात घालून काय द्यावं, मला तर धड भाजी येत नाही, या विचारात मी भाजीवालीसमोर उभा राहिलो. ती म्हणाली, "बाबा, काय देखी ऱ्हायनात?"

शिबिरातल्या माणसाला मी हे वाचून दाखवणार नाही. त्याच्या हातात सापडलं तर पुढच्या गावी तो हेच माइकवर सांगेल, डबे परत करू नका, आणि त्याचीही फी लावेल. घडी करून धान्याच्या कोठीखाली सरकवीन.

आज सकाळी मुलाचा फोन आला. कोणत्या तारखेला येऊ, सामान किती आहे, आणि मग तेच, तिथे आहे कोण तुमचं? मी म्हटलं, "एवढ्यात निघता यायचं नाही रे. लोकांचे डबे आहेत माझ्याकडे, माझीही वस्तू बाहेर गेलेली आहे." त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "डबे? किती डबे?" मी म्हटलं, "आहेत बरेच," आणि फोन ठेवला.

डबा एकच आहे, माय.