सदतीस अंश

४ फेब्रुवारी
नोकरी लागली, वर राहायला जागाही मिळाली! खाली कॉम्प्युटरचं दुकान, वर आमची खोली. माझ्या टेबलाच्या बरोब्बर वर आईची खाट. काम माझ्या आवडीचं: प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मालक म्हणाले, पाच गिगाहर्ट्झ ओलांडून दाखव, मग नोकरी पक्की. दाखवतेच!

६ फेब्रुवारी
स्वस्तातल्या मदरबोर्डने मान टाकली. प्रोसेसर कितीही भारी असो, बोर्डाने वीज नीट पुरवली नाही तर सगळी मेहनत पाण्यात. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर मोठा आहे, पॉवर सप्लाय दणकट आहे. अडलं ते बोर्डापाशीच. माळ्यावर एक जुना, जाडजूड बोर्ड सापडला. मालक म्हणाले, तो राहू दे. आधीच्या टेक्निशियनची बायको तापाने गेली, तेव्हापासून कुणी लावलेला नाही. म्हटलं, त्यात बोर्डाचा काय दोष? माझा नियम एकच: एका वेळी एकच भाग बदलायचा. फक्त बोर्ड बदलला.

७ फेब्रुवारी
साडेपाच गिगाहर्ट्झ! आणि तापमान सदतीस अंश. खरं तर नव्वदच्या घरात जायला हवं होतं. मी दुकानभर नाचले. मालक हसले नाहीत. आईला जरा कणकण आहे.

९ फेब्रुवारी
पावणेसहा. तरी सदतीसच. अगं बाई, मग एवढी उष्णता जाते कुठे? आईला एकोणचाळीस ताप. डॉक्टरांना काहीच सापडत नाही.

१० फेब्रुवारी
वेग एक पायरी उतरवला, वर धावले, थर्मामीटर लावला. ताप अर्ध्या अंशाने उतरलेला. खाली आले तर वेग आपोआप चढलेला. पुन्हा वर. आईचा तापही.

११ फेब्रुवारी, सकाळ
प्लग उपटला. पंखा फिरतोच आहे. बोर्ड खेचायला गेले, तर वर आई किंचाळली. मालक म्हणतात, पळ, आधीचाही पळाला होता. पळाला, म्हणून तर बायको गेली त्याची! मी पळणारी नव्हे.

दुपार
एकच भाग बदलायचा. प्रोसेसरवरचा कूलर काढला. त्या जागी माझा तळहात. ये मेल्या, आता माझ्याशी गाठ आहे.

वेग सहा गिगाहर्ट्झ. आईला अडतीस. चिडलास ना? चढ अजून —

वेग सव्वासहा. आई वरून सांगतेय, भूक लागली. उतरला ताप! हात निघत नाही. न का निघेना. डाव्या हाताने लिहितेय —

स्क्रीनवर सदतीस. माझ्या काखेत बेचाळीस. बघू कोण आधी —

जिन्यावर आईची पावलं. येऊ नकोस म्हणायचंय, आवाजच —

आई, मला हात लावू नको, हात —