संदेशचं संमतीपत्र

नाशिक,
४ जानेवारी २०२५

ती. आबांस स्नेहलचा सविनय जय भीम.

वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आईला सांगायचं धाडस होत नाही, म्हणून लिहितेय. चार वर्षं रखडलेली विद्यापीठाची भरती सुरू झाली. इतिहासाच्या सहायक प्राध्यापकाची एकच जागा आहे. मुलाखतीच्या यादीत माझा दुसरा नंबर. पहिला, डॉ. संदेश महिपती भालेराव.

यादीत आपल्या दादाचं नाव! दादाला जाऊन तीन वर्षं होतील. चार वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या उमेदवारांनी, अजून इच्छुक असल्याचं सहीचं संमतीपत्र नोव्हेंबरात पाठवायचं होतं. त्याचं कोणी पाठवलं? विद्यापीठाला कळवू का? ही नोकरी मिळाली तर तासांवरचं शिकवणं सुटेल, आबा.

आईच्या गुडघ्यांना तेल लावा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
स्नेहल


औंढे,
९ जानेवारी

चि. स्नेहलला आबांचा जय भीम आणि आशीर्वाद.

प्राध्यापकीण व्हायला निघालीस, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच. दोनदा वाचावं लागलं.

संमतीपत्र मी पाठवलं. सहीही मीच केली. त्याच्या नावाचं पत्र घरी आलं तेव्हा तुझी आई म्हणाली, पोराला बोलावणं आलंय, न्हाई कसं म्हनायचं. रेल्वेत पस्तीस वर्षं काढली, खोटी सही कधी केली नाही. ही केली.

एका कॉलेजातला तास संपवून दुसरीकडे पळताना तो कार्ल्याच्या फाट्यावर अपघातात गेला. अजून दुपारी त्या वेळेला मोटारसायकल अंगणात वळल्यासारखी वाटते. तुझी आई उठून दार उघडते. मी तिला अडवत नाही, कारण मलाही ऐकू येते.

विद्यापीठाला कळवू नकोस. तिथे एकदा त्याचं नाव पुकारू दे. कसं पुकारलं ते मला लिही.

तुझे,
आबा


नाशिक,
२१ जानेवारी

ती. आबांस सविनय जय भीम.

पुकारलं. डॉक्टर लावून, तीनदा. सगळे इकडेतिकडे बघत होते. मीही दाराकडे बघितलं. आबा, तो येईल असं मला खरंच वाटलं.

शिपाई गैरहजर लिहायला लागला, ते मला बघवलं नाही. तो गैरहजर नाही, वारलाय, माझा भाऊ आहे, असं बोलून गेले. आत मुलाखत घेणाऱ्यांनी एकच विचारलं, मग नोव्हेंबरातली सही कोणाची? मी माझी म्हणाले. मुलाखत झालीच नाही. माझं नाव यादीतून काढणार आहेत.

रागावले नाही म्हणणं खोटं होईल. तुमच्या अख्ख्या पत्रात माझ्या मुलाखतीबद्दल एक शब्द नव्हता. दादा गेला तेव्हा मीही गेले का हो?

तरीही तुमचीच,
स्नेहल


औंढे,
२७ जानेवारी

चि. स्नेहलला आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. काल लोणावळ्याच्या पोस्टातून विद्यापीठाला अर्ज पाठवला. सही माझी, गुन्हा माझा, शिक्षा मला करा, असं लिहिलं. त्याच्या मृत्यूचा दाखला जोडला. त्याच्या नावाआधी कालकथित हा शब्द आजवर माझ्या हातून उतरला नव्हता. काल लिहिला. तुझ्या आईनेही कागदावर अंगठा दिला.

शेवटी लिहिलं की मुलगा गेला, ती आहे. तिला आत बोलवा.

तुझे,
आबा