मावशीची चौसष्ट कार्डं

डमडम, कोलकाता
८ नोव्हेंबर २०२५

ती. सुचित्रामावशीस हर्षदचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला तर तू उचलत नाहीस. पोस्टातल्या माणसाने फोनवर खुशाली विचारणं म्हणजे हलवायाने शेजारच्या दुकानातून पेढे आणणं, हे तुझं म्हणणं मान्य. म्हणून हे पत्र.

माझ्या गळ्यात एक नको ते काम पडलंय. इथल्या नबीनपल्लीचं छोटं पोस्ट ठेवायचं की बंद करायचं, याचा अहवाल मी द्यायचा आहे. डिसेंबरभर पत्रं मोजायची. रोजची सरासरी पंधराच्या खाली गेली की कुलूप. सध्या नऊ आहे, आणि त्यातली दोन मृणालदी स्वतःच टाकतात असा मला संशय आहे.

मृणालदी म्हणजे तिथल्या पोस्टमास्तर. वय अठ्ठावन्न. आई अंथरुणाला खिळलेली. घर समोरच्या गल्लीत, म्हणून दुपारी जाऊन आईला भरवून येतात. पोस्ट बंद झालं तर त्यांची बदली गार्डन रीचला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मग म्हातारीला कोण भरवणार? तरी त्या मला चहा देतात.

अहवालात शेवटी एक रकाना आहे: ‘कुरिअर व मोबाइलशी स्पर्धा करण्याचे उपाय’. तो अजून कोरा आहे.

लोभ ठेवावा, सल्ले आवरावेत.

तुझा,
हर्षद

नागपूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षदास मावशीचे अ. आ.

सल्ले नको होते तर लिहिलंस कशाला?

कुरिअरवाला माझ्याच गॅलरीखाली उभा राहून मला पाचदा फोन करतो, मॅडम, घर कुठे आहे म्हणून. आमचा पोस्टमन मधुकर, मी नणंदेकडे गेले तर पत्र तिकडे आणून देतो, वर घरात दूध उतू गेल्याचा वास येतोय हेही सांगतो. हल्ली दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारेही निघालेत. कोथिंबिरीची एवढी घाई मला जन्मात झालेली नाही. हे सगळं तुझ्या रकान्यात लिही. साहेबांना मराठी येत नसेल तर बंगालीत लिही. चार वर्षं तिथे मासे खातोयस, तेवढी यायला हवी. हो, कळलंय मला. तुझ्या आईला सांगितलेलं नाही.

मृणालदींचा विषय मी आमच्या भजनी मंडळात काढलाय. पुढचं विचारू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते मोजावे लागत नाहीत.

मावशी

डमडम, कोलकाता
२ डिसेंबर २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

काल मोजणी सुरू झाली आणि कालच चौसष्ट पोस्टकार्डं येऊन थडकली. सगळी माझ्या नावाने, मृणालदींच्या पोस्टाच्या पत्त्यावर. ‘तुमच्याकडे पत्रं कमी पडतात असं कळलं’, अशी प्रत्येकाची सुरुवात. एकीने मेथीच्या लाडवांची कृती दिलीय, एकीने मुलीची उंची कळवलीय.

मावशी, अगं, मोजतात ती इथल्या पेटीत पडलेली पत्रं. बाहेरून आलेली नव्हेत. चौसष्ट कार्डं येऊन आकडा नऊचा नऊच. वर, तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्याच मावशीचा हा उद्योग आहे हे कळलं तर माझीच चौकशी लागेल. तुझ्या पाया पडतो, थांब.

लोभ सध्या थोडा कमी केलास तरी चालेल.

हर्षद

नागपूर
८ डिसेंबर २०२५

चि. हर्षदास अ. आ.

चुकलं. पन्नास वर्षं पत्रं टाकतेय, पण ती कुठल्या टोकाला मोजतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण उत्तरं कुठे आहेत? आलेल्या पत्राला उत्तर न देणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, मधुकर वाचतो. चौसष्ट बायका मला रोज विचारतायत. तुला वेळ नसेल तर पेन्शनीसाठी जी मंडळी येऊन बसतात, त्यांच्या हातात दे कार्डं. आणि उत्तरं तुमच्याच पेटीत पडतात ना रे, शहाण्या?

लोभ कमी करता येत नाही, प्रयत्न करून पाहिला.

मावशी

डमडम, कोलकाता
१९ जानेवारी २०२६

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मृणालदींना हिंदीत सांगितलं. त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर कार्डं वाटायला बसल्या. मंडळींनी उत्तरं लिहिली ती बंगालीत. तुम्ही ती नागपूरच्या एका बंगाली मिठाईवाल्याकडून वाचून घेऊन पुन्हा लिहिलंत, आणि मी इथे दुभाषी झालो. तुमच्या एका काकूंनी माशांचा वास कसा सहन होतो असं विचारलं. त्याला इथून चार पानी उत्तर गेलं, रागाने.

हात मोकळा झाल्यावर लोक आपापल्या माणसांनाही लिहू लागले. पेन्शनवाल्या दिलीपबाबूंनी सिलिगुडीच्या बहिणीला अकरा वर्षांनी पत्र टाकलं. भांडण कशावरून झालं होतं ते दोघांनाही आठवत नाही.

सरासरी सोळा भरली. अहवालात मी सगळं खरं लिहिलं, तुझ्या नावासकट. मृणालदीच म्हणाल्या की लपवून वाचवलेलं पोस्ट त्यांना नको. उपायांच्या रकान्यात एवढंच लिहिलं: ‘माणसांना पत्र यावं. आलं की ती उत्तर लिहितात.’ पाठवल्यावर आठ दिवस रोज सकाळी आधी साहेबांचं टपाल शोधत होतो.

शनिवारी निकाल आला. पोस्ट चालू राहणार, मृणालदी निवृत्तीपर्यंत तिथेच. सांगायला धावत गेलो तर त्या जागेवर नव्हत्या, आईला भरवायला गेल्या होत्या. मी बाकावर बसून राहिलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

चौकशी मात्र लागली. मोठ्या साहेबांनी अहवालावर लाल शाईने विचारलंय: ‘सदर मावशी इतर पोस्टांना उपलब्ध होऊ शकतील काय?’ खाली तीन पोस्टांची नावं आहेत. त्यातलं एक गार्डन रीचकडचं.

लोभ वाढवावा. सरकारी मागणी आहे.

हर्षद

नागपूर
२५ जानेवारी २०२६

चि. हर्षदास अ. आ.

कार्डावर जागा कमी, म्हणून थोडक्यात. माशांचं ताईला अजूनही सांगितलेलं नाही, लोभ म्हणतात तो हा.

मंडळाची बैठक झाली. तिन्ही पत्ते पाठव. गार्डन रीचचा आधी, तिथेही कोणाची तरी आई असेल.

मावशी