म्हशीला दिलेलं इंटरनेट

अणदूर,
पौष शुद्ध सप्तमी

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी बलभीमचा कपाळ टेकून नमस्कार, आणि अक्काला वेगळा (तिचा तुमच्यात मिसळू नये, ती मोजते). तुमचं बी.पी., अक्काचे गुडघे आणि ढोकीच्या कारखान्याचा धूर ही तिन्ही आटोक्यात असोत अशी खंडेरायाला प्रार्थना. देव सध्या नळदुर्गला असल्यामुळं प्रार्थना तिकडं वळती करावी लागते, थोडा उशीर होईल. आम्ही इकडं खुशाल आहोत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कसं ठाऊक आहे, ते शेवटी सांगतो. तिथं मला तुमच्याकडं काही मागायचंही आहे, तेव्हा मधेच पत्र घडी घालून ठेवू नका.

तुमच्या कुमारनं दिवाळीत आमच्या दाराला ती कॅमेऱ्याची बेल बसवली. भाचा म्हणून त्याचं कौतुकच आहे. पण दाजी, आमच्या दाराला बेलचं काम काय? येणारा माणूस रस्त्यावरूनच हाक मारतो, आणि चप्पल काढेपर्यंत त्याचा चहा टाकलेला असतो. तरी बसवली. आमची ही, ज्ञानेश्वरी, पहिले आठ दिवस अंगणात जाताना बेलकडं बघून पदर सारखा करायची (माझ्याकडं बघून तिनं तो शेवटचा कधी सारखा केला, ते आठवावं लागेल).

पंधरा दिवसांपूर्वी आमची प्रतीक्षा सोलापूरच्या कॉलेजातून सुट्टीला आली. कॉम्प्युटर शिकते, त्यामुळं घरातल्या कुठल्याही वस्तूच्या पोटात बोट घालते. तिनं मोबाईलवर बेलचा सगळा कारभार उघडला आणि म्हणाली, की ही बेल आपलं थोडं इंटरनेट शेजारपाजारच्या यंत्रांना वाटते. कंपनीनं तसं आधीच चालू करून पाठवलेलं असतं, नको असेल तर आपण शोधून बंद करायचं. आणि सध्या शेजारचं एक यंत्र आपल्या इंटरनेटवर जेवतंय.

मला हे लागलं. वाटून खाण्याबद्दल काही नाही, आपल्याकडं विरजण काय, कढीपत्ता काय, कुंपणावरून जातच असतं. पण वाटी घेऊन आलेला माणूस "आहे का वहिनी" म्हणून विचारतो तरी. आपल्याच घरातलं, आपल्याच दारावरून, आपल्याला न विचारता? तीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं, पण कुणाचं पाकीट कधी उजेडाला धरलं नाही. बलभीम म्हणजे बंद पाकीट, असं गाव म्हणतं. त्या बलभीमचं घर उघडं! अहो, खंडोबासुद्धा अणदुराहून नळदुर्गाला जातो तेव्हा दोन्ही गावचे मानकरी बसून कागद करतात, कधी न्यायचा, कधी आणायचा. देव नेताना कागद लागतो, आणि माझं इंटरनेट नेताना साधं खाकरणंही नाही!

चोर कोण, याबद्दल मला शंका नव्हती. शेजारचा ईरण्णा. त्याच्या म्हशीनं दोन उन्हाळ्यांमागं आमच्या वाळत घातलेल्या पापड्या खाल्ल्या, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. हा गडी माझ्या इंटरनेटवर कुस्त्या बघतो, असं मी धरून चाललो आणि प्रतीक्षा "बाबा, पूर्ण ऐका तरी" म्हणत असताना त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. मागून ती धापा टाकत आली आणि माझ्या कानात म्हणाली, की ते यंत्र म्हणजे ईरण्णाकाकांच्या म्हशीच्या गळ्यातला पट्टा आहे. जनावर कुठं आहे ते मालकाच्या मोबाईलवर दाखवणारा. बेल ज्या कंपनीची, त्याच कंपनीचा. आता दारात उभं राहून माघार कशी घ्यायची? मी जोरात म्हणालो, "ईरण्णा, तुझी म्हैस माझं इंटरनेट वापरतीय!"

पारावरची माणसं उठून आली. ईरण्णानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा म्हशीकडं. "येनप्पा बलभीम, तिला वाचता येत न्हाय. ती काय करणार इंटरनेट घिऊन?" (दोन वर्षांनी तो माझ्याशी बोलला ते हे.)

प्रतीक्षानं समजावून सांगितल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. त्याआधीच्या बुधवारी ही म्हैस हरवली होती. गाभण, दिवस भरत आलेले, आणि हायवेवर ट्रक दम घेऊ देत नाहीत. ईरण्णा दुपारभर रडकुंडीला येऊन फिरला, आणि मग मोबाईलवर ठिपका दिसला. कुठं, ते सांगायला तो तयार होईना. पार्वतम्मा, त्याची आई, आतून ओरडली, "सांग की रे, बलभीमच्या तुरीत हुती म्हनून!"

म्हणजे दाजी, ती हरवली नव्हती, आमच्या परड्यातल्या तुरीत जेवत होती, आणि माझ्याच बेलनं माझ्याच इंटरनेटवरून तिच्या मालकाला कळवलं. ईरण्णानं तिला गुपचूप नेलं. मला वाटलेलं रानडुकरं आली. मी रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच तापला, "म्हंजी माझी म्हस कुठं जाती ती बातमी तुझ्या घरातनं जाती व्हय? मला कुणी इचारलं?" आणि मला इतकं हसू आलं, की पापड्या, तूर, सगळं त्यात वाहून गेलं. तोही हसला. म्हैस नेहमीसारखी रवंथ करत होती.

पार्वतम्मानं चहा केला आणि आम्ही कागद केला. बेलची ती वाटणी मी आधी बंद केली. मग ईरण्णानं रीतसर मागितलं आणि मी माझ्या बोटानं परत चालू केली. इंटरनेट जातं तेवढंच, पण आता ते मी दिलेलं आहे, आणि त्यानं रात्री मला दोन घास जास्त गेले. म्हशीचा ठावठिकाणा मी कुणाला सांगायचा नाही. व्याल्यावर खरवसाचा पहिला डबा आमच्याकडं. कागदाला भंडारा लावला, प्रतीक्षा साक्षीदार.

कळावे, लोभ आहेच, तो न विचारता वापरावा.

आपला मेहुणा,
बलभीम

ता. क. बेलचा कारभार उघडला तेव्हा आणखी एक नाव सापडलं. बसवताना कुमारनं तुमचा मोबाईलही तिला जोडून ठेवलाय, आम्हाला न सांगता. त्यावरून आमचं अंगण दिवसातून अकरा वेळा बघितलं जातं. प्रतीक्षा म्हणते, बेलला ऐकूही येतं. तेव्हा अंगणात उभं राहून मी तुमच्याबद्दल काही बोललो असेन, तर ते म्हशीला उद्देशून होतं.

ता. क. दुसरा. तुम्ही अकरा वेळा बघणारे नव्हेत, तुम्ही पेपरसुद्धा एकदाच बघता. बघणारी अक्का आहे. तेव्हा मागणं असं: तुमचं नाव मी आज काढून टाकलं आहे. सोबत कागद जोडलाय, त्यावर अक्काची सही हवी, ती आली की परत जोडतो. सकाळच्या रांगोळीपासून दिवेलागणीपर्यंत तिनं आपलं माहेर खुशाल बघावं. अट एकच. देव नळदुर्गाहून परत येईल त्या दिवशी तिनं अंगणात समक्ष हजर व्हायचं. कुमारची गाडी कशासाठी आहे?

ता. क. तिसरा. बंद पाकिटाचं वर लिहिलं ते खरं, पण उघड्या पोस्टकार्डाचं वेगळं. लग्नानंतर अक्काची कार्डं यायची, ती मीच घरी आणायचो आणि मीच आईला वाचून दाखवायचो. प्रत्येक कार्डात शेवटी एक ओळ असायची, "अंगणाची लई आठवण येते." आई रडेल म्हणून ती मी दर वेळी गाळली. कुणालाही न विचारता. अक्काचा चष्मा सापडत नसेलच, तेव्हा हे पत्र तिला तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवा, आणि दाजी, एकही ओळ गाळू नका.