चाळलेली माती

प्रिय ढेकळ्या,

तुझा अहवाल वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच डोकं फिरलंय. टेकडीवर कारखान्याच्या सांडपाण्याचा खड्डा केला, तर पाणी खालच्या वस्तीच्या विहिरीपर्यंत झिरपायला तीस वर्षं लागतील म्हणे! खाली तुझी सही. आणि वर माझे आभार! अरे, कसले आभार मानतोस? लाज कशी वाटली नाही तुला?

अर्धवट ओल्या मातीत पाणी नळासारखं वाहत नाही, कणाकणाला चिकटून सरकतं, माती जितकी कोरडी तितकं जास्त अडून बसतं, हे मला तूच शिकवलंस. चाळलेली माती नळकांड्यात ठोकून भरली की तूच कावायचास. ही माती नव्हेच, अख्खं ढेकूळ आण, म्हणायचास. म्हणून तर सगळी प्रयोगशाळा तुला ढेकळ्या म्हणायला लागली. स्कूटरवर मागे मी, मांडीवर मातीचा गोळा, आणि तू प्रत्येक खड्डा जपून चुकवायचास. माझ्यासाठी नव्हे, ढेकळाला तडा जाऊ नये म्हणून! तेव्हाही मला रागच यायचा तुझा, पण तो राग वेगळा होता.

या वेळीही मी टेकडीवरून अख्खा ठोकळा कापून आणला. वस्तीतल्या एका बाईने त्याच विहिरीचं पेलाभर पाणी दिलं, ते घटाघटा प्यायले. काय खणताय, तिने विचारलं. म्हटलं, तुमचं पाणी चांगलं राहील ना, ते बघतोय. नीट बघा हं, म्हणाली. तू काय बघितलंस? चाळलेल्या मातीवर थेंब थेंब पाणी सोडलंस, ते मुंगीच्या पावलांनी उतरलं, त्यातून तुझी तीस वर्षं निघाली. ठोकळ्यावर मी लाल रंग घातलेलं पाणी साचवून ठेवलं, खड्ड्यात साचेल तसं. आपला चहा संपायच्या आत ते खालच्या ताटलीत! गांडुळांच्या बिळांतून, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून सरळ खाली. तू त्यात बोट बुडवलंस. तुझं लाल बोट मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि अहवालात काय, तर 'एक नमुना सदोष असल्याने वगळला'. सदोष! गांडुळांनी काय आता तुझ्या साहेबांना विचारून बिळं करायची?

फोनवर म्हणालास, कोरड्या मातीत मोठ्या बिळांत पाणी शिरत नाही. खरंय. पण तो खड्डा काय कोरडा ठेवणार आहेत? मला शेंडी लावू नकोस.

इकडे आईचं भलतंच चाललंय. रविवारपासून पडदे धुऊन झाले, ठेवणीतले कप बाहेर निघाले, सकाळपासून काहीतरी गुणगुणत असते. मला तिच्याकडे बघवत नाही.

रविवारी तिच्यासमोर तू मला लग्नाचं विचारलंस, आणि मी म्हटलं, पत्राने कळवते. पन्नाशी गाठल्यावर सुचलं तुला! मी हो म्हणणार होते, ढेकळ्या. एवढी वर्षं दुसरी कसली वाट बघत होते मी? आणि सोमवारी हा अहवाल हातात पडला. माझं तोंड बंद करायला विचारलंस, असं मी म्हणणार नाही, तेवढा कावा तुझ्यात नाही. पण जी सही त्या बाईच्या पाण्यात विष सोडायला तयार आहे, ती लग्नाच्या कागदावर माझ्या नावाशेजारी मला नको. शुक्रवारी त्या खड्ड्याच्या परवानगीची सुनावणी आहे. मी नवा ठोकळा घेऊन जाणार आणि सगळ्यांदेखत त्यावर पाणी ओतणार. त्याआधी उभा राहून अहवाल मागे घे. घेतलास, तर माझं उत्तर तिथेच, भर सभेत देईन. नाही घेतलास, तर आईला ते कप परत आत ठेवायला सांगेन आणि पुन्हा तुझं नाव काढणार नाही.

तुझीच
(हा शब्द खोडायला लावू नकोस रे)