पापड उडवणारा वारा

आई, तुझे पापड उडवायचा ना, त्या वाऱ्याला मी नाहूरमध्ये हरवलं. हे पहिलं तुलाच सांगायचं होतं, आणि तुला जाऊन पंधरा वर्षं झाली.

विक्रोळीच्या आपल्या चाळीसमोर सात मजली इमारत उभी राहिली, तो उन्हाळा आठवतो. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तू खाटेवर जुनी साडी अंथरून पापड वाळत घालतेस, खाटेच्या पायाला चिंधी बांधतेस आणि ती कशी फडफडते ते बघून खाट सरकवतेस. त्या दुपारी खाट कुठेही सरकवली तरी चिंधी थांबेना, आणि निम्मे पापड गटारात गेले. मी दारातून शहाणपणा केला, "आई, एवढी मोठी इमारत वारा अडवते गं. तुझंच काहीतरी चुकलं असणार." तू पापड वेचत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वारो भिंतीर आपटता नि खाली उतरता. त्या कोपऱ्यार उभी रव, मगे कळतला. पुस्तकात नसात तर तू लिव." मी इमारतीच्या त्या कोपऱ्यावर गेले नाही. हसले आणि आत गेले.

आता त्याच वाऱ्यावर माझं पोट आहे. कॉम्प्युटरमध्ये इमारती उभ्या करायच्या, त्यांच्यावर वारा सोडायचा आणि खालून चालणाऱ्या माणसाला तो सोसेल का ते बघायचं. नाहूरला एका जुन्या चाळीच्या जागी चाळकऱ्यांची नवी इमारत होत होती. शेजारी बिल्डरचा उंच टॉवर उठणार होता, आणि चाळकऱ्यांचं गेट नेमकं टॉवरच्या कोपऱ्यावर. स्क्रीनवर तो कोपरा लालभडक. म्हणजे म्हातारं माणूस तिथे आडवंच व्हायचं. बिल्डरचे इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, एवढा टॉवर वारा अडवेल ना, उलट आडोसाच होईल. तुमच्या रंगीत चित्रासाठी गेट हलवू काय?" हे बोलणं मी ओळखलं. लाज वाटली, आणि भांडायचं बळही आलं. दुसऱ्या दुपारी त्यांना जवळच्याच एका तयार टॉवरच्या कोपऱ्यावर नेलं, विजेच्या खांबाला तुझ्या साडीची चिंधी बांधली आणि म्हटलं, "दोन मिनिटं उभे राहा फक्त." चिंधी ताठ झाली. त्यांच्या हातातला नकाशा सुटला तो थेट रस्त्यापलीकडच्या रिक्षावर. "वाट लागली," ते म्हणाले. मग नकाशा आणून माझ्यासमोर धरला, "कुठे हलवायचं सांगा."

गेट हललं. टॉवरला पहिल्या मजल्यावर रुंद छज्जा आला. वरून उतरणारा वारा आता तिथेच अडतो. या रविवारी चाळकरी राहायला आले. मी मुद्दाम भर दुपारी गेटसमोर जाऊन उभी राहिले. एक आजी काठी टेकत, दुधाची पिशवी सांभाळत बाहेर आल्या. पदर खांद्यावर जागच्या जागी. वाऱ्याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि मला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं.

हे पत्र घडी करून त्या चिंधीशेजारी कपाटात ठेवीन. तू लिव म्हणाली होतीस, मी लिहिलं. वारा भिंतीवरून खाली कसा उतरतो, त्यावर माझ्या अहवालात अख्खं पान आहे आणि सगळ्यांनी ते वाखाणलं. इंजिनिअरनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला एवढी खात्री कशी होती?" मी म्हटलं, "शिकलेय ना." कुणाकडून, ते सांगितलं नाही.