घाट चढणारा सायलेन्सर

३ मार्च, मंगळवार. दुपारी ४.

आज पेट्रोल पंपावर घोर अपमान. मोटरसायकल चालू करून निघणार, एवढ्यात मागून एक दाढीवाला आला. म्हणाला, आजी, बंद पडली वाटतं, थांबा, ढकलतो. आणि ढकललीच! मी ओरडले, अहो, इंजिन चालू आहे. तर मूर्ख कान लावून बघतो आणि म्हणतो, खरंच की, मला वाटलं कुठे फ्रिज चालू आहे.

गाडी ह्यांची. ह्यांच्या हयातीत मी मागे बसून ह्यांना चालवायला शिकवत असे. आता स्वतःच चालवते. घरात कुणाला पत्ता नाही. बाथरूममध्ये एकदा पाय घसरला काय, चिरंजिवांनी फर्मान काढलं: आई, तू एकटीने बाहेर पडायचं नाही. घर माझं, पाय माझा, फर्मान त्याचं! तो ऑफिसला जातो. सूनबाई आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून दुपारभर मीटिंगा करते. डोक्यावर छत कोसळलं तरी तिला कळायचं नाही. मी किल्ली उचलते आणि बस स्टँडवर एक चक्कर मारून येते.

तिथे मी अनाउन्सर होते. माझ्या आवाजाशिवाय एक बस हलत नसे. आता मशीन बोलतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असे उच्चार केले असते तर बाकावर उभं केलं असतं. मी बाकावर बसून त्याच्या चुका काढते. कुणीतरी काढायलाच हव्यात.

संकल्प: गाडीला आवाज हवा.

५ मार्च, गुरुवार.

धाकट्या बहिणीचा फोन. ती घाटापलीकडे एकटीच राहते. म्हणाली, ताई, कायमची ये इकडे, दोघी भांडत बसू. मी तत्काळ होकार दिला. इथे कुणाला विचारल्याशिवाय मला चहासुद्धा पिता येत नाही. साखर किती घातली, हा प्रश्न मला माझ्याच स्वयंपाकघरात विचारला जातो.

योजना: सायलेन्सर बदलायचा. त्याने आवाजही वाढतो आणि ताकदही, हे मी मोबाइलवर वाचलंय. मग एका दुपारी निघायचं, घाट चढायचा आणि वरून फोन करायचा. महिनाअखेरीला मी पलीकडे असेन.

६ मार्च, शुक्रवार.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्यानेच म्हणायला लावलंय. तो म्हणाला, मॅडम, कंपनीचा सायलेन्सर म्हणजे नाकात बोळे कोंबून पळणं. फ्री-फ्लो बसवतो, इंजिन मोकळा श्वास घेईल, आवाज असा की कान तृप्त होतील. इथपर्यंत माणूस बरा वाटला. मग म्हणे, सोबत कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटीही बदलावी लागेल. धूर मोकळा सुटला की पेट्रोलही वाढवून द्यावं लागतं, नाहीतर गाडी ओढत नाही.

सोबत! बूट घ्यायला जा, सोबत मोजे. मोजे घ्या, सोबत पॉलिश. मी त्याला स्पष्ट सांगितलं, फक्त सायलेन्सर. त्याने खांदे उडवले. नव्या सायलेन्सरच्या तोंडात आवाज दाबायला एक छोटी नळी असते, ती ठेवू का, विचारलं. मी म्हटलं, काढून टाक, आवाज दाबणारे घरी पुष्कळ आहेत.

९ मार्च, सोमवार. दुपारी ३.

विजय! सायलेन्सर बसला.

पार्किंगमध्ये बटण दाबलं मात्र, कबुतरं उडाली, दोन मोटारींचे अलार्म कोकलायला लागले आणि वॉचमन झोपेतून उठून चक्क सलाम ठोकून उभा राहिला. त्याला मी एवढ्या वर्षांत प्रथमच उभं पाहिलं. तुला पगार झोपायचा मिळतो का, म्हणून लगेहाथ झापूनही घेतलं.

वेग किंचित कमी वाटला. गाडी इतकी वर्षं कोंडलेली, एकदम मोकळी झाली की गोंधळणारच. रिटायर झाल्यावर माझंही असंच झालं होतं.

१२ मार्च, गुरुवार.

घाटाचा सराव म्हणून फ्लायओव्हर. अर्ध्यावर गाडी खोकायला लागली. मुठीवरचा हात सैल सोडला की मागून फाट-फाट असे बार. पूर्ण पीळ दिला तर आवाज वाघाचा आणि चाल गोगलगायीची. एक सायकलवाला, मागे पोतं बांधलेला, मला ओलांडून गेला. जाता जाता म्हणाला, आजी, उतरून ढकला, लवकर पोचाल.

निष्कर्ष: फ्लायओव्हरचा चढ चुकीचा बांधलाय. घाट वळणावळणाने चढतो, मध्ये दम खायला मिळतो. घाटात असं होणार नाही.

१५ मार्च, रविवार.

बिल्डिंगची मीटिंग. विषय: भरदुपारी मोटरसायकलचे बार काढणारा मवाली कोण? शांतता समितीची अध्यक्ष मीच (दुसरं कुणी तयार नव्हतं). तेव्हा बोलणं भागच होतं. अशा माणसाला संस्कार नाहीत, घरच्यांचा धाक नाही, असं मी ठणकावून सांगितलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. वक्तृत्वाची हुकमत अजून गेलेली नाही तर!

१७ मार्च, मंगळवार.

बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही. पण वॉचमनला झापतानाचा आवाज मात्र सायलेन्सरच्या वर ऐकू येतो. उच्चार निर्दोष.

चिरंजीव ऑफिसातून धावत आले. आई, पडली असतीस तर? लोक मला काय म्हणतील? वाक्यं याच क्रमाने. मी म्हटलं, पडले नाही. तो म्हणाला, हेच तू बाथरूममध्येही म्हणत होतीस, जमिनीवरून. किल्ली त्याच्या खिशात गेली.

त्याची पाठ वळल्यावर सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही जाता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुपारी ऑफिसातून ह्यांचा फोन आला की मी सांगायची, आई झोपल्यात. तुमच्या गाडीचा आवाज नव्हता म्हणून निभत होतं. आता सगळ्या बिल्डिंगला जाग आल्यावर मी कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणजे इतके दिवस ती माझ्यावर पाळत ठेवून होती! वर मला झोपाळू ठरवत होती! उद्यापासून दुपारी एक मिनिटही आडवी होणार नाही.

१९ मार्च, गुरुवार.

बहिणीला फोन करून घाटाचा बेत तूर्त पुढे ढकलल्याचं कळवलं. कारण: रस्त्याची अवस्था. ती म्हणाली, अगं ताई, मग बसने ये ना, लेकाला सांग, तो बसवून देईल.

बसने! ज्या बस मी सोडल्या, त्यांत मी पिशवी मांडीवर घेऊन बसू? आणि ते मशीन मला सांगणार, कुठल्या फलाटावर जायचं? शिवाय लेकाने बसवून द्यायचं, म्हणजे आधी त्याची परवानगी. मी फोन ठेवला. तिने परत केला नाही. रेंज नसेल.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळ.

चिरंजिवांनी जुना सायलेन्सर परत बसवून आणला. उस्तादाने म्हणे विचारलं, मॅडम कशा आहेत? हा म्हणाला, आराम करतायत.

मग म्हणाला, चल आई, तुला फिरवून आणतो. मी म्हटलं, बस स्टँडवर. तो म्हणाला, तिथे काय बघायचंय, बागेत जाऊ. मागच्या सीटवर बसले. सूनबाईने माझ्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला, बोट घालून घट्ट आहे का तेही बघितलं. दर गतिरोधकाला तो मान वळवून विचारत होता, ठीक आहेस ना? गाडी चालवताना मागे बघू नये, एवढंही ह्यांनी त्याला शिकवलं नाही.

चौकात थांबलो. शेजारी बस उभी होती. गाडी आता इतकी शांत की 'आई, मला नीट धर, तुला डुलकी लागेल' हे बसच्या शेवटच्या खिडकीपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. लोक वाकून बघायला लागले.

धरलं. त्याला आधार वाटावा म्हणून.